"काकू, तुम्हाला एवढा वेळ मिळतो कुठून?" आणि असेच वारंवार विचारले जाणारे प्रश्न

भिशीत, सकाळच्या फिरण्यात, लग्नाच्या पंगतीत आणि सगळ्यात जास्त व्हॉट्सअ‍ॅपवर मला तेच तेच प्रश्न विचारले जातात. प्रत्येकीला वेगळं उत्तर टाइप करून करून अंगठा दुखायला लागला म्हणून एकदाच सगळं लिहून ठेवतेय. मी कोणी एक्सपर्ट नाही. इंदूरला लोकमान्य नगरात राहते, एका ऑफिसात अकाउंट्स बघते, वय ५३, आणि गेली सहा वर्षं रोज थोडं थोडं काहीतरी चित्रासारखं काढते. चित्रासारखं म्हणतेय, चित्र नाही. आणि हो, मराठी आमची इंदुरी आहे, मधे मधे हिंदी घुसेल, पुण्याच्या मंडळींनी सांभाळून घ्या.

प्र. तुम्ही नेहमी एवढ्या पॉझिटिव्ह कशा काय असता?

नसते हो. माझ्या नवऱ्याला विचारा. मार्चमध्ये क्लोजिंगच्या वेळी घरात माझ्याशी बोलायला कोणी धजत नाही, चहा पण लांबून सरकवतात. लोकांना तसं वाटतं कारण ते मला रविवारी सकाळी बघतात, तेव्हा मांडीवर वही असते आणि हातात पेन्सिल, आणि त्या अवस्थेत माणूस फार चिडकं दिसूच शकत नाही. मी बरीच वर्षं सकाळी उठल्या उठल्या ठरवायचे की आज अजिबात चिडायचं नाही, आणि ते दूधवाला येईपर्यंत टिकायचं. ठरवून मन शांत होतं असं ज्यांचं होतं त्यांना नमस्कार, माझं नाही झालं. हाताला काम दिलं की मात्र डोक्यातली गिरणी हळू चालते. बंद होत नाही, हळू चालते.

प्र. मला चित्रकला अजिबात येत नाही, तरी चालेल का?

हा प्रश्न सगळ्यात जास्त येतो आणि विचारणारी प्रत्येक बाई हे वाक्य अशा आवाजात म्हणते की जणू कोर्टात कबुली देतेय. कोणीतरी, कधीतरी सांगितलेलं असतं, आपल्याला ते आयुष्यभर पुरतं.

माझं सांगते. सातवीत होते, स्मृतिचित्राचा विषय आला 'पाणवठा'. तेव्हा उन्हाळ्यात आमच्या गल्लीत टँकर यायचा, पाइप धरायला भांडणं, प्लास्टिकच्या बादल्या, एक कुत्रं टँकरखाली सावलीला झोपलेलं. मी ते सगळं काढलं, कुत्र्यासकट, पाइप गळत होता तोही काढला. सरांनी वीसपैकी तीन मार्क दिले आणि वर्गात चित्र उंच धरून म्हणाले पाणवठा म्हणजे विहीर, झाड, डोक्यावर घागरी घेतलेल्या बायका, हे काय काढलंय, तुझा हात चित्राचा नाही. सगळे हसले. त्यानंतर मी चौतीस वर्षं पेन्सिल फक्त हिशोबाला धरली. आता विचार करते तर वाटतं की वर्गात बाकी चाळीस जणांनी जी विहीर काढली होती ती कोणीच कधी पाहिलेली नव्हती.

तर येत नसेल तरी चालेल. सुरुवातीचे दोन महिने माझे सगळे कप गरोदर दिसायचे आणि सगळ्या खुर्च्या लंगड्या. वही माझ्याकडे अजून आहे, कोणाला धीर हवा असेल तर दाखवते.

प्र. पण काढायचं काय? विषयच सुचत नाही.

समोर जे आहे ते. आत्ता हे वाचताना डावीकडे काय आहे? चार्जर? चार्जर काढा. त्याची वायर जशी वळलीये तशी काढायला दहा मिनिटं लागतात, करून बघा.

आमच्या गावात विष्णू चिंचाळकर गुरुजी होऊन गेले, जुन्या इंदूरकरांना सांगायला नको. ते वाळलेली पानं, झाडाची साल, मुळं, मोडक्यातोडक्या वस्तू असलं काहीही उचलायचे आणि त्यात त्यांना चेहरे दिसायचे, पक्षी दिसायचे, फार काही न करता थोडं इकडचं तिकडे केलं की आपल्यालाही दिसायचे. म्हणजे विषय आणायला जायची गरजच नाही, तो कचऱ्यात पण पडलेला असतो. आता आमच्याकडे कचरा एवढा चोख उचलतात की वाळलेलं पान शोधायला सकाळी लवकर उठावं लागतं हा भाग वेगळा.

आणि एक, सुरुवातीलाच राजवाडा काढायला बसू नका. सगळे तेच करतात. सात मजले, खालचे तीन दगडाचे आणि वरचे लाकडाचे, एवढ्या खिडक्या की चौथ्या मजल्यावर माणूस रडकुंडीला येतो आणि वही कायमची बंद. एक झरोका काढा. एकच. खाली बसलेली कबुतरं ऑप्शनल.

प्र. इंदूरला चित्रकलेचं काही खास आहे का, की तुम्ही उगाच गावाचं कौतुक करता?

कौतुक करतेच, पण खास आहे. १९२७ साली इथे चित्रकलेची शाळा सुरू झाली, दत्तात्रय दामोदर देवळालीकर हे तिथले गुरू. नारायण श्रीधर बेंद्रे, जन्म १९१०, इंदूरचेच, ते त्यांच्याकडे शिकले आणि पुढे बडोद्याला शिकवायला गेले. मकबूल फिदा हुसेन जन्माने पंढरपूरचे पण वाढले इंदूरला, तेही देवळालीकर मास्तरांच्या क्लासला यायचे. मला यात आवडतं ते हे की मास्तर मुलांना बाहेर न्यायचे, गल्लीत, उन्हात, समोर बघून रंगवायला. म्हणजे टँकर चालला असता तिथे.

प्र. सामान काय काय घेऊ? लिस्ट द्या ना.

लिस्ट मागणाऱ्या बायका लिस्ट घेतात, दुकानात जातात, दोन-अडीच हजाराचं सामान आणतात आणि मग ते एवढं महाग आणलंय की खराब होईल म्हणून वापरतच नाहीत. माझ्या वहिनीचा ब्रश-सेट तीन वर्षं शोकेसमध्ये आहे. म्हणून आधी बॉलपेन आणि पाठकोरे कागद. ऑफिसातले रद्द झालेले प्रिंट घरी आणा, मागची बाजू कोरी असते, त्यावर काढलेलं फाडायला काहीच वाटत नाही. बॉलपेन मी मुद्दाम सांगते कारण ते खोडता येत नाही, खोडरबर असला की आपण चित्र कमी काढतो आणि खोडतो जास्त.

महिनाभर टिकलात तर पेन्सिली घ्या, एक एचबी आणि एक फोर-बी, पुरे. फोर-बी मऊ असते, गडद उमटते, सावलीला छान, फक्त हाताची बाजू काळी होते आणि ती नंतर ओढणीला लागते.

रंग हवेच असतील तर बारा वड्यांचे केक कलर आणि गोल टोकाचा आठ नंबरचा एक ब्रश. कागद मात्र इथे जरा बघून घ्या, साध्या वहीच्या कागदावर पाणी लावलं की तो पापडासारखा फुगतो, निदान २०० जीएसएमचा (हा कागदाच्या वजनाचा आकडा, जास्त म्हणजे जाड) तरी हवा, ३०० असेल तर उत्तम. वॉटरकलर ओला असताना जेवढा गडद दिसतो तेवढा वाळल्यावर राहत नाही, फिका पडतो, त्यामुळे पहिल्या दिवशी सगळ्यांना वाटतं रंगच खोटे निघाले. खोटे नाहीत, एक हात जास्त मारायचा. आणि काळा रंग डबीत असला तरी त्याला हात लावू नका, अल्ट्रामरीन निळ्यात बर्न्ट सिएना म्हणजे तो विटकरी-तपकिरी मिसळा, असा काही करडा येतो की बस, जुलैमधलं आमच्या माळव्याचं आभाळ तंतोतंत. निळा जास्त तर पाऊस येणार, तपकिरी जास्त तर धूळ उडणार. हे मला कळलं त्या संध्याकाळी मी पूर्ण पान फक्त करडं रंगवलं, भाजी करपली.

प्र. वेळ कुठून आणायचा? नोकरी, स्वयंपाक, सासूसासरे, मुलांचे क्लास...

कुकरच्या तीन शिट्ट्या. विनोद नाही करतेय. कुकर लावला की आपण ओट्याशी उभं राहून फोन बघतो, मी पण बघायचे. आता फ्रिजवर वही ठेवलीये, मॅग्नेटला दोरीने पेन बांधलंय, शिट्ट्या होईपर्यंत समोरचं काहीतरी काढायचं. माझ्या वहीत त्यामुळे लसूण खूप आहे. तीन शिट्ट्यांत एक गड्डा होतो, चौथ्या शिट्टीपर्यंत सावली पण.

अर्धा तास सलग मिळेल तेव्हा करू म्हणणाऱ्यांचं होत नाही, सलग अर्धा तास आपल्या घरात फक्त पाहुण्यांना मिळतो.

प्र. २१ दिवसांत सवय लागते म्हणतात, माझी तर नाही लागली. माझ्यातच काही कमी आहे का?

नाही गं बाई. ते २१ दिवसांचं प्रकरण मॅक्सवेल माल्ट्झ नावाच्या अमेरिकन प्लास्टिक सर्जनपासून सुरू झालं, त्याने १९६० साली लिहिलं होतं की ऑपरेशननंतर पेशंटला नव्या चेहऱ्याची सवय व्हायला कमीत कमी २१ दिवस लागतात. चेहऱ्याची! लोकांनी 'कमीत कमी' गाळलं, चेहरा गाळला, आणि २१ तेवढे ठेवले.

पुढे लंडनला युनिव्हर्सिटी कॉलेजमध्ये फिलिपा लॅली आणि त्यांच्या सोबत्यांनी ९६ जणांवर नीट अभ्यास केला. जेवणासोबत फळ खा, पाणी प्या, थोडं धावून या अशा साध्या सवयी होत्या. सरासरी ६६ दिवस निघाले, आणि कोणाला १८ तर कोणाला २५४ पर्यंत लागतील असा हिशोब आला. मला त्यातली सगळ्यात आवडलेली गोष्ट ही की मधे एखादा दिवस चुकला तर फारसं काही बिघडत नाही. आपण मात्र एक दिवस चुकला की उपास मोडल्यासारखं सगळंच सोडून देतो आणि वर दोन कचोऱ्या खातो.

प्र. वय झालं आता, ६० नंतर काय नवीन शिकणार?

माझ्या सासूबाई ८१ वर्षांच्या आहेत, गेल्या वर्षी त्यांनी यूट्यूबवरून क्रोशाचा नवा टाका उचलला. पुढचा प्रश्न.

प्र. याचा खरंच काही फायदा असतो, की नुसता टाइमपास?

टाइमपास हा फायदा नाही का? बरं, तरी सांगते, कारण हा प्रश्न विचारणाऱ्याला आकडे लागतात (बहुतेक वेळा हा प्रश्न कोणाचे तरी 'हे' विचारतात). फिलाडेल्फियाच्या ड्रेक्सेल युनिव्हर्सिटीत गिरिजा कैमल आणि सहकाऱ्यांचा एक अभ्यास २०१६ साली छापून आला. ३९ मोठ्या माणसांना ४५ मिनिटं मार्कर, माती, कोलाजचं सामान देऊन हवं ते करा म्हणून सांगितलं आणि आधी नि नंतर लाळेतलं कॉर्टिसोल मोजलं, हे तणावाशी संबंधित हार्मोन. साधारण ७५ टक्के लोकांचं कमी झालं. आणि आधी कला शिकलेले आणि कधीच न शिकलेले यांच्यात तसा फरक दिसला नाही, हे माझ्या लंगड्या खुर्च्यांसाठी फार महत्त्वाचं आहे. आता ३९ माणसं म्हणजे आमच्या दोन भिशा, फार मोठा आकडा नाही, आणि पाव लोकांचं कॉर्टिसोल कमी झालं नाही हेही खरं. तुम्ही त्या पावात असाल तर ओढूनताणून करू नका, दुसरं काहीतरी बघा.

दुसरं म्हणजे मिहाय चिक्सेंटमिहाय म्हणून मानसशास्त्रज्ञ होते (नाव मी पण तीनदा बघून लिहिलं), ते चित्रकारांना बघत होते आणि त्यांना नवल वाटलं की ही माणसं तहानभूक विसरून रंगवतात आणि चित्र पूर्ण झालं की भिंतीला टेकवून देतात, पुढचं घेतात. म्हणजे मजा चित्रात नव्हती, काढण्यात होती. त्याला त्यांनी 'फ्लो' म्हटलं. काम फार सोपं असेल तर कंटाळा येतो, फार अवघड असेल तर टेन्शन येतं, मधल्या पट्टीत आलं की घड्याळ गायब. करपलेल्या भाजीचं शास्त्रीय कारण हे.

प्र. चित्रच काढायला पाहिजे का? मला दुसरं काही आवडत असेल तर?

अजिबात नाही. गाणं म्हणा, बागकाम करा, रांगोळी, शिवण, मातीचे दिवे, काहीही, फक्त त्यात हात किंवा गळा लागला पाहिजे, नुसते डोळे नाही. वेबसिरीज बघणं छंद नाही का, असं आमच्या मुलीने विचारलं होतं. मी म्हटलं आराम आहे, छंद नाही, दोन्ही लागतं.

आणि खरं सांगायचं तर आपल्याला हे सगळं नव्याने शिकायचं नाहीये, आपण लहानपणी करतच होतो. आम्ही मराठी मुली होतो आणि गल्ली माळवी, त्यामुळे आमचं डबल असायचं. भाद्रपदातल्या पौर्णिमेपासून सर्वपित्री अमावस्येपर्यंत सोळा दिवस संजा. भिंतीवर शेणाने आकृती काढायची, वर फुलांच्या पाकळ्या चिकटवायच्या, गुलतेवडीच्या, झेंडूच्या, ज्या मिळतील त्या. रोज वेगळी आकृती, बीजेला बिजोरा, चौथीला चौपड, सप्तमीला स्वस्तिक, अष्टमीला आठ पाकळ्यांचं फूल, आणि शेवटी मोठा किलाकोट, त्यात सगळं येतं, चंद्र, सूर्य, गाडी, शिडी. संध्याकाळी सगळ्या मुली गोळा होऊन गाणी म्हणायच्या, मग एका घरून दुसऱ्या घरी. आणि अमावस्या झाली की लगेच दुसऱ्या दिवसापासून आमचा भोंडला, पाटावर हत्ती काढायचा, फेर धरायचा, खिरापत ओळखायची. माझ्या आईला महिनाभर मुलगी घरात दिसायची नाही.

आता बघा, संजा रोज उतरवायची असते, उद्याची आकृती काढायला जागा हवी ना. आणि शेवटी ते सगळं शेण आणि फुलं गोळा करून पाण्यात सोडायची. आठ-दहा वर्षांच्या मुली दोन तास बसून एवढं सुंदर करायच्या आणि दुसऱ्या दिवशी खरवडून काढायच्या, एकीलाही वाटायचं नाही की फ्रेम करून ठेवू. भिंत नीट नाही आली, शेण पातळ झालं, पाकळ्या गळून पडल्या तरी गाणी व्हायचीच. हे आपण कुठे हरवलं कोण जाणे. आता कोणी दोन पानं रंगवली की पहिला प्रश्न, याचं पुढे काय करणार?

माझ्या सासूबाई अजून त्या जुन्या पद्धतीच्या आहेत. त्यांच्याकडे पांढरा दोरा मोजका आहे. क्रोशाचा रुमाल पूर्ण झाला की दोन दिवस टीव्हीवर पसरतात, सगळ्यांना दाखवतात, तिसऱ्या दिवशी उसवतात आणि त्याच दोऱ्याचा दुसरा. मी म्हटलं आई मी नवा दोरा आणून देते की. तर म्हणाल्या, आणून काय करू, एवढे रुमाल ठेवायचे कुठे?

प्र. घरचे हसतात.

हसू द्या. त्यांचंच चित्र काढा. घोरताना.

प्र. "क्षणात जगा" म्हणतात, ते नक्की करायचं कसं?

मलाही हे वाक्य ऐकलं की वैताग येतो, कारण म्हणणारा माणूस बहुतेक वेळा फोनवर असतो. पण त्यातली गोष्ट खोटी नाही. हार्वर्डच्या मॅथ्यू किलिंग्सवर्थ आणि डॅनियल गिल्बर्ट यांनी २०१० मध्ये २,२५० माणसांना दिवसात मधेच फोनवर विचारलं की आत्ता काय करताय, मन कुठे आहे, कसं वाटतंय. जवळजवळ ४७ टक्के वेळा मन हातातल्या कामावर नव्हतंच. आणि मन भटकत असताना लोक कमी खूश होते. गंमत पुढे आहे, मन गोड विचारांत भटकत असलं तरी ती माणसं हातातल्या कामात असणाऱ्यांपेक्षा जास्त खूश नव्हती. म्हणजे भांडी घासता घासता मनाने काश्मीरला जाऊन आलात तरी विशेष हशील नाही.

मी कसं करते ते सांगते, तुमचं तुम्ही बघा. डिसेंबरात आम्ही सराफ्यात गराडू खायला जातो. ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी, सराफा दिवसा सोन्याचांदीचा बाजार आणि रात्री दुकानं बंद झाली की त्यांच्याच पायऱ्यांसमोर खाऊगल्ली, आणि गराडू म्हणजे थंडीत मिळणारा कंद, तळून वर लिंबू आणि जीरावन, म्हणजे आमचा इंदुरी मसाला. तर तो द्रोण हातात आला की मी तीन प्रश्न विचारते स्वतःलाच. आवाज कोणता? (कढईत चमचा आपटल्याचा.) हाताला काय लागतंय? (द्रोण गरम, अंगठा भाजतोय.) वास? (जीरावन, आणि शेजारच्या भियाच्या (आमच्याकडे भाऊला भिया म्हणतात) स्वेटरमधली डांबरगोळी.) बस, तेवढ्यात आपण तिथे पोचलेलो असतो. आधी फक्त शरीर गेलेलं असतं, मन घरी गॅस बंद केला का बघत असतं.

जीभ तरी भाजतेच, गराडू गरमच खायचा असतो.

प्र. मग फोटो काढायचेच नाहीत का?

काढा ना, मी पण काढते. पण रंगपंचमीच्या गेरमध्ये, म्हणजे रंगाच्या मिरवणुकीत, एकदा उभे राहून बघा. होळीनंतर पाचव्या दिवशी राजवाड्यापाशी लाखभर माणसं, टँकरमधून मोटार लावून रंगाचं पाणी वर तिसऱ्या-चौथ्या मजल्यापर्यंत उडतं, गुलालाचे ढग. फोन बाहेर काढायची सोयच नाही, सगळ्यांचे पॉलिथिनमध्ये गुंडाळून खिशात. मला त्या दिवसाचं जेवढं आठवतं तेवढं फोटो काढलेल्या एकाही ट्रिपचं आठवत नाही. यावरून नियम वगैरे बनवत नाहीये, आठवलं म्हणून लिहिलं.

प्र. रोज वहीत पाच चांगल्या गोष्टी लिहायच्या म्हणतात, मला तिसऱ्या दिवसापासून सुचेनाच.

माझंही तेच झालं. सूर्योदय, कुटुंब, आरोग्य, सूर्योदय, कुटुंब, आरोग्य. शाळेतला निबंध. मग मी 'चांगलं' शोधणं सोडलं आणि एकच ओळ लिहायची ठरवली, पण ती अशी पाहिजे की दुसऱ्या कुठल्याच दिवशी लिहिता आली नसती. "शेवग्याच्या शेंगा विकणारीने चिल्लर नाही म्हणून एक लिंबू दिलं आणि म्हणाली हिशोब बरोबर, तर मी म्हटलं मी अकाउंट्समध्ये आहे, दीड रुपया निघतो." हे लिहायला अर्धा मिनिट लागला, वाचून अजून हसू येतं. काही दिवसांच्या ओळी चांगल्या नाहीत, रडक्या आहेत, त्याही राहू दिल्यात.

प्र. पॉझिटिव्ह राहायचं म्हणजे वाईट वाटूच द्यायचं नाही का?

असं कोण म्हणालं तुम्हाला?

आई पडली, खुब्याचं हाड मोडलं, आम्ही १९ दिवस हॉस्पिटलमध्ये होतो. एका शिक्क्यासाठी मला तीन काउंटरवर फिरवलं आणि शेवटी तो शिक्का पहिल्याच काउंटरवर निघाला. आईला रात्री भास व्हायचे, मला तिच्या आईच्या नावाने हाक मारायची. त्या दिवसांत जे जे नातेवाईक भेटायला येऊन "जे होतं ते चांगल्यासाठीच होतं" म्हणाले त्यांना मी चहा दिला, पण मनात काय काय आलं ते इथे लिहिण्यासारखं नाही. चांगल्यासाठी काय होतं त्यात? ऐंशीच्या बाईचं हाड मोडलं, दुखत होतं तिला.

तेव्हाच हे सगळं सुरू झालं. पाठीमागे कोरा असलेला एक बिलाचा कागद होता आणि पर्समध्ये पेन. रात्री दोन वाजता मी सलाइनचा स्टँड काढला. मग बाकाखाली लोकांच्या काढून ठेवलेल्या चपला, एकीचा अंगठा तुटलेला, तिथे सेफ्टी पिन. मन रमलं का? नाही. बरं वाटलं का? तसंही नाही. पण तीन वाजले. तीन वाजेपर्यंत मी एकदाही पुढचं काय होणार याचा विचार केला नव्हता, आणि मग आईने पाणी मागितलं आणि मी उठले.

आई आता घरात वॉकर घेऊन चालते. त्या चपलांचं चित्र तिला दाखवलं तर म्हणाली चपला बऱ्या आल्यात, पण पिन उलटी लावलीये.

प्र. डॉक्टरकडे न जाता छंदाने डिप्रेशन बरं होतं का?

नाही. हे मी ठामपणे लिहितेय. दोन-दोन आठवडे कशातच मन लागत नसेल, झोप-भूक गेली असेल, नको नको ते विचार येत असतील तर पेन्सिल नाही, डॉक्टर. सरकारची टेली-मानस म्हणून हेल्पलाइन आहे, १४४१६, ऑक्टोबर २०२२ पासून सुरू आहे, फोन फुकट लागतो आणि आपल्या भाषेत बोलता येतं. आम्ही काही जणं रविवारी एकत्र चित्र काढतो, त्या ग्रुपमधल्या एकीने औषधं सुरू केली आणि मग दोन महिन्यांनी ती परत यायला लागली, तेव्हा तिला रंगांत रस वाटायला लागला. क्रम तो होता.

प्र. इन्स्टावर टाकू का? आणि यातून पैसे मिळतील?

टाका, पण काढून झाल्यावर तीन दिवसांनी. लगेच टाकलं की पुढचं चित्र आपण लाइकसाठी काढतो, मला स्वतःला हे झालंय, चार महिने मी फक्त पोहे-जलेबी काढत होते कारण त्याला लोक भरभरून हार्ट द्यायचे. शेव काढता काढता जीव गेला.

पैशाचं म्हणाल तर मिळतात काहींना. माझ्या जावेच्या बहिणीने दिवाळीच्या पणत्या रंगवून विकल्या, दोन वर्षं छान चाललं, तिसऱ्या वर्षी सहाशेची ऑर्डर आली आणि आता तिला पणतीचा नुसता फोटो दिसला तरी कपाळ दुखतं. एक गोष्ट तरी बिनहिशोबी असू द्या, हे मी, जन्मभर हिशोब करणारी, सांगतेय.

प्र. मुलाला ड्रॉइंग क्लास लावू का?

त्याला विचारा. आणि लावलात तर मास्तरांना टँकर चालतो का ते आधी बघा.

प्र. रविवारी तुम्ही लोक नक्की कुठे भेटता? आम्ही आलो तर चालेल?

चालेल, ग्रुपला नाव नाही, फी नाही, सात-आठ जणं असतो, कधी तिघंच. थंडीत सिरपूर तलावावर, तेव्हा बाहेरचे पक्षी आलेले असतात (२०२२ साली या तलावाला रामसरचा, म्हणजे आंतरराष्ट्रीय महत्त्वाच्या पाणथळ जागेचा, दर्जा मिळाला, इथल्या यशवंत सागर तलावालाही), पण पक्षी काढायचा हट्ट धरू नका, ते पोज देत नाहीत, मान काढेपर्यंत उडून जातात, माझ्या वहीत नुसत्या माना आहेत. उन्हाळ्यात कृष्णपुऱ्याच्या छत्र्यांपाशी, दगड सकाळी थंड असतो, बसायला बरं वाटतं. पावसाळ्यात कोणाच्या तरी गॅलरीत.

येताना बसायला आसन किंवा छोटं स्टूल, रंगाच्या पाण्याला जुनी बरणी आणि एक फडकं आणा, फडकं कोणीच आणत नाही आणि मग सगळे माझ्या ओढणीकडे बघतात. बरोबर सातला सुरू, नऊला पोहे. जो सगळ्यात उशिरा येईल त्याने पोह्यांचे पैसे द्यायचे असा नियम आहे, तो मीच केला होता, आणि आतापर्यंत सगळ्यात जास्त पैसे मीच दिलेत.